गांडूळ लावू की कलेजी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: गांडूळ. कृष्णाकाठचं गाव आणि गळ टाकायचा नाद, त्यामुळं हा प्रश्न मला पाव्हणे विचारतात, भाचे विचारतात, चिकनच्या दुकानात कलेजी तोलणारासुद्धा विचारतो. उत्तर एका शब्दाचं आहे. 'का' म्हणालात की मात्र बसावं लागेल.

रोहू आणि कटला पकडायचा असेल तर दोन्ही सोडा. कटला वरच्या थरातलं बारीकसारीक गाळून खाणारा, त्याला मांसाचं काय कौतुक? कणकेत शेंगदाण्याची पेंड मळा, गोळा लावा, गप बसा. गांडूळ की मांस हा सवाल खरा चिलापी, वाम, मरळ, शिंगटा आणि शिवडा यांच्यापुरता.

यातलं जवळपास सगळं गांडुळाला येतं. ते पाण्यात वळवळतं आणि टोचलेल्या जागेतून त्याचा रस सुटत राहतो. म्हणजे डोळ्यानं शोधणाऱ्यालाही कळतं आणि वासानं शोधणाऱ्यालाही. शिंगट्याच्या जातीला तर मिशांवर आणि अंगावरही चव कळते. गढूळ पाण्यात त्याची अख्खी कातडी म्हणजे जीभच. पण गांडूळ लावायची पद्धत पाहिजे. नवखी माणसं त्याचा गोळा करून गळावर थापतात. तसं नको. डोक्याकडून गळ घाला, अंगातून सरकवत न्या आणि शेपटीकडचं दोन बोटं मोकळं सोडा. ते मोकळं टोक हलतं, सगळी जादू त्यात आहे. डब्यात ओली माती, वर पालापाचोळा, आणि डबा सावलीत. उन्हात ठेवलेली गांडुळं तासाभरात चिखल होतात.

गांडूळ खताच्या वाफ्यातली तांबडी मिळाली तर चालतात, पण त्यातल्या एका जातीला हात लावला की पिवळा, उग्र वासाचा द्राव सोडते. मला ती पटत नाहीत. केळीच्या बुंध्याशी, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेला किंवा उकिरड्याच्या कडेला उकरा, तिथली बरी.

दोष एकच. बारकी मासळी टोचून टोचून गळ साफ करते आणि तुम्ही अर्धा तास रिकाम्या गळाकडं बघत बसता. चिलापीची पोरं तर यात पटाईत. मोराच्या पिसाच्या देठाचा तरंगा ठक-ठक नाचतो, ओढला की हाती काही नाही. वाम तशी नाही. ती तरंगा सावकाश आडवा ओढत दगडाच्या कपारीत नेते, आणि उशीर केलात तर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तिथंच तुटतो.

इथं मांसवाले म्हणतात, बघा, पेटा (कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी जाड पिशवी) लावला असता तर? त्यांचं बरोबर आहे. कोंबडीचा पेटा चिवट, बारक्यांच्या तोंडाला तुटत नाही. कलेजीचा वास लांब जातो, पण ती इतकी मऊ की गळ फेकतानाच उडून पडते. रात्रभर मीठ लावून ठेवा, थोडी घट्ट होते; मग शिवणाचा दोरा पाच-सहा वेढे गुंडाळा. आतडी दुकानात फुकट मिळतात आणि शिवडा त्यांवर तुटून पडतो. मटणाच्या चरबीचे तुकडे मात्र थंडीत लावू नका, गार पाण्यात चरबी थिजते आणि वास सुटत नाही.

तरीही मी मांस फार लावत नाही, त्याचं कारण मासा नाही. तळाशी पडलेल्या मांसावर पहिल्यांदा खेकडे येतात, ते एक वेळ ठीक. पण मऊ पाठीची कासवंही येतात, आणि गळ त्यांच्या घशात गेला की काढता येत नाही. कायद्यानं संरक्षित जीव. तंगूस कापून सोडला तरी गळ आतच राहतो. रात्री गळ बांधून घरी जाऊन झोपणाऱ्यांना हे दिसतच नाही.

दुसरं कारण जास्त मोठं. औदुंबर, भिलवडी या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, हे सांगली जिल्ह्यात कुणाला नवीन नाही. माणसांवर हल्ले झालेत. अशा ठिकाणी कडेला बसून आतडी धुवायची, उरलेली पाण्यात भिरकावायची, आणि त्याच घाटावर सकाळी बायका धुणं घेऊन येणार! हे मला तरी जमत नाही. मांस लावायचंच असेल तर घरून तुकडे करून आणा, मोजके आणा, दिवसाउजेडी लावा आणि उरलेलं परत न्या. गांडुळं उरली तर मातीत सोडली की झालं.

पाऊस लागला की दोन्ही डबे बंद. पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या, चढणीच्या माशाच्या पोटात अंडी असतात. आणि धरण-तलावावर जाणार असाल तर तिथला ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडं आहे ते विचारून, परवानगी घेऊनच बसा.

एक राहिलं. मांसावर कधीकधी थाई मांगूर लागतो, काळपट, चपट्या डोक्याचा, लांब मिशांचा. देशी मासे फस्त करतो म्हणून 2000 साली केंद्र सरकारनं त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी चोरून पाळतात, कोंबडीच्या घाणीवर वाढवतात, आणि तळ्यातून तो नदीत येतो. लागला तर दया दाखवून परत पाण्यात सोडू नका.