लाल टॅगचा ट्रे

शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे साईजमध्ये चालणारा फरक, एच-६ या ग्रेडचा. वरची हद्द २५.०००, खालची २४.९८७. म्हणजे सगळा खेळ १३ मायक्रॉनचा, मिलिमीटरच्या १३ हजारांश भागांचा. भोसरीच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. त्या आठवड्यात रात्रपाळीच्या ग्राइंडरवरून सलग तिसऱ्या रात्री लाल टॅगचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा ट्रे भरला. ४१ जॉब, म्हणजे शाफ्ट, सगळे साईजला मोठे. शीटवर कारणाच्या रकान्यात मी ‘ऑपरेटर’ लिहून टाकलं. मशीनवरच्या मामांबद्दल माझं मत आधीच झालेलं होतं.

मामा एवढंच म्हणाले, “साहेब, गरम जॉब मोजताय तुम्ही. मास्टर लावून बघा.”

रात्री वॉशिंगला माणूस नसायचा, म्हणून मशीनवरून उतरलेला कोमट जॉब मी तिथल्या तिथेच मायक्रोमीटरला लावायचो. दिवसाचे जॉब धुऊन, दोन-तीन तासांनी टेबलावर यायचे. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. जॉब मायक्रोमीटरपेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर २५ मिलिमीटरवर जवळपास ४ मायक्रॉन वाढ दिसते, म्हणजे टॉलरन्सचा तिसरा हिस्सा. मामांचा सेटिंग मास्टर, म्हणजे माहीत असलेल्या साईजचा नमुना, मशीनशेजारी त्याच कूलंटमध्ये असायचा. मास्टर आणि जॉब दोन्ही सारखेच तापलेले, त्यामुळे जॉबची मास्टरशी तुलना करणाऱ्या त्यांच्या कंपॅरेटरवर फरक बऱ्यापैकी कटून जायचा.

४१ जॉब पुसून सरफेस प्लेटवर मायक्रोमीटरच्या शेजारी ठेवले आणि दोन तासांनी मोजले. २९ बसले. १२ खरोखरच मोठे निघाले; ती चूक मात्र मामांची. ४० जॉबनंतर ग्राइंडरच्या दगडाला डायमंड मारायचा, म्हणजे ड्रेसिंग करून त्याला पुन्हा धार आणायची, असं ठरलेलं असताना काउंटर ६० च्या पुढे गेला होता. दगड झिजला, गुळगुळीत झाला की कापण्याऐवजी घासतो. साईज चढते आणि जॉब आणखी तापतो. मामांनी ते लगेच कबूल केलं.

मला वेळ लागला. तापमान काढून टाकलं तरी एक गोष्ट उरत होती. दिवसपाळीचा जॉब २५.००१ दाखवायचा तेव्हा मी “पुन्हा बघू” म्हणून दुसऱ्यांदा मोजायचो आणि २५.००० आलं की सोडायचो. मामांच्या जॉबला दुसरी संधी नसायची. पहिलं रीडिंग, लाल टॅग. नाव माहीत असलं की मायक्रोमीटरचा दाब सारखा ठेवणाऱ्या रॅचेटवरचं बोट बदलतं, हे मी स्वतःच्याच शीटवर पाहिलं: दिवसाच्या रकान्यांत खाडाखोड, रात्रीचे रकाने एकदम स्वच्छ.

मग आर अँड आर केलं, म्हणजे तोच जॉब पुन्हा मोजला, किंवा दुसऱ्याने मोजला, तर आकडा किती बदलतो याची चाचणी. थंड झालेले १० जॉब, तोंडावर नंबर. त्यात हद्दीवरचे मुद्दाम घेतले. तीन जण, प्रत्येकी तीन फेऱ्या, एकूण ९० रीडिंग. क्रम दर फेरीला बदललेला, नंबर हेल्परने झाकलेला, आकडे लिहिणारा वेगळा. आधीचं रीडिंग मोजणाऱ्याला दिसता कामा नये, नाहीतर माणूस नकळत तेच पुन्हा ‘मोजतो’. मोजणीतला फरक १० टक्क्यांच्या आत आला तर चांगलं, ३० च्या वर गेला तर त्या मोजणीवर निर्णय घेऊ नये. माझं एकट्याचं ३४ आलं, तिघांत सगळ्यात वाईट. एकाच जॉबवर २४.९९६, २४.९९९, २४.९९७. रॅचेट कधी तीनदा टिकटिकवायचो, कधी थेट थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरची फिरती नळी, पिळायचो. वर मायक्रोमीटर मुठीत धरून फ्रेम तापवत होतो.

शीटवरचं ‘ऑपरेटर’ खोडून ‘२९: मोजणी, १२: ड्रेसिंग उशिरा’ असं लिहिलं. सही करताना लक्षात आलं, की गरम जॉब वरच्या हद्दीला नाकारला गेला असेल, तर खालच्या हद्दीला तो खपलाही असणार. गरम असताना २४.९८९ दाखवणारा जॉब थंड झाला की २४.९८५. स्टोअरला फोन करून त्या तीन रात्रींचा पास झालेला माल थांबवला. पहिल्याच ट्रेमध्ये चार जॉब लहान निघाले. चारही हिरव्या टॅगचे, टॅगवर सही माझीच.