पोटदुखीच्या तपासण्यांचा रस्ता: गहू बंद करण्याआधी हे वाचा

मुलाचं पोट सारखं दुखतंय, कारण सापडत नाही आणि तुम्ही आता तपासण्यांच्या मागे लागणार असाल, तर एकच गोष्ट आधी ऐका. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी होईपर्यंत मुलाचा गहू बंद करू नका. (गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, तो हा आजार.) शेजाऱ्यांनी सांगू दे, आहारसल्लागाराने सांगू दे, रंगीत रिपोर्ट सांगू दे. आमचे सगळ्यात वाईट आठवडे ह्या एका सल्ल्यापायी गेले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. हे लिहिण्याचं खरं कारण तेच.

थर्मामीटर, ओआरएस, जुन्या वजन-उंचीच्या नोंदी आणि रात्री जागायची ताकद तुमच्याकडे आहे असं धरून चालते.

लेकीचं दुखणं असं: बेंबीच्या आसपास, बोट ठेवून दाखवता न येणारं. सुरू झालं की चेहरा पांढराफटक, जेवण नको, टीव्हीसुद्धा नको, कधी एखादी उलटी. काही तास असंच जायचं. मग झोप लागायची आणि उठली की जणू काही झालंच नाही. मधल्या काळात धावणं, भांडणं, खाणं सगळं व्यवस्थित.

पहिला टप्पा सगळ्यांचा सारखाच असतो, तो पटकन उरकते. जंताचं औषध, मग आम्लपित्ताचं. दोन्हींनी गुण आला! म्हणजे काही आठवडे दुखलं नाही, आणि मग दुखलं. ह्यात एक मेख आहे, ती कुणी सांगितली नाही. जे दुखणं आपणहून येतं आणि आपणहून जातं, त्यावर काहीही दिलं तरी लागू पडल्यासारखं वाटतं. आपण औषध देतो ते दुखणं जोरात असताना, आणि त्यानंतर ते तसंही ओसरणारच असतं. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढे प्रत्येक वळणावर उपयोगी पडेल.

मग सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये ओळ आली, पोटात लिम्फ नोड्स दिसताहेत. घरात शब्द पोचला तो ‘गाठी’ म्हणून, आणि त्या रात्री कुणी झोपलं नाही. टीबीपासून कॅन्सरपर्यंत सगळं बोलून झालं. एका दवाखान्यात त्या ओळीवरच अँटिबायोटिकचा कोर्स लिहून मिळाला. हे नंतर कळलं की आतड्यांच्या आवरणातल्या लहान गाठी ठणठणीत मुलांच्या सोनोग्राफीतही सर्रास दिसतात आणि आडव्या मापात ८ मिलिमीटरपर्यंतच्या गाठींना बाकी काही लक्षण नसेल तर फारसं महत्त्व देत नाहीत. माझं मत: सोनोग्राफी करा, पण रिपोर्ट फोनवर घरच्यांना वाचून दाखवू नका. आणि जमलं तर दुखत असताना करा. मूत्रपिंडातून लघवी उतरण्याच्या जागी अडथळा असेल तर पोट दुखतं, उलट्या होतात, आणि दुखणं थांबल्यावर काढलेल्या सोनोग्राफीत कधीकधी काहीच दिसत नाही.

आता तो घाट.

कुणीतरी ‘फूड इन्टॉलरन्स पॅनेल’ सुचवलं. रक्ताचा एक नमुना, पदार्थांची लांबलचक यादी, हिरवा-पिवळा-लाल असा छापलेला देखणा रिपोर्ट. त्याआधीच्या सगळ्या तपासण्यांचं बिल एकत्र केलं तरी ह्या एकाला पुरलं नसतं. लाल रकान्यात गहू, दूध, अंडं. म्हणजे नेमकं जे ती रोज खाते तेच. सोबत समुपदेशन मोफत, त्यात सांगितलं की लाल सगळं बंद.

ही शुद्ध लूट आहे. ही तपासणी आयजीजी प्रकारची प्रतिद्रव्यं मोजते आणि ती फक्त एवढंच सांगतात की हा पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे. रोज खाल्लेलं लाल येणारच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच म्हटलंय की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही तपासणी वापरू नये. अमेरिकेतले आणि कॅनडातले तज्ज्ञही तेच म्हणतात. तरी ती विकली जाते, कारण दमलेल्या आईबापांना हातात काहीतरी छापील हवं असतं.

गहू बंद केला आणि दुखणं थांबलं! सगळ्यांना पटलं. वर सांगितलेली मेख आठवतेय ना? पुढचा झटका आला तोपर्यंत मुलीच्या डोक्यात ती यादी पक्की बसली होती. ताटात काही नवं दिसलं की विचारायची, “आई, हे लाल आहे का?” आवडीची वस्तूसुद्धा हातात घेऊन परत ठेवायची.

शेवटी मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे पोचलो. त्यांनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, सीलिअ‍ॅक बघायला हवा, पण गहू बंद असताना तपासणी केली तर निकालावर विश्वास ठेवता येणार नाही. सीलिअ‍ॅकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं, गहू थांबला की ती कमी होत जातात. म्हणजे परत खायला घाला, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत, निदान ६ आठवडे.

ज्या मुलीला आपण महिनोन्महिने “हे तुला चालत नाही” सांगितलं, तिला आता तेच घास भरवायचे. ती रडायची. पोटात जरा गुडगुडलं की माझ्याकडे बघायची. नवरा म्हणाला, सोडून देऊ, असंच गव्हाशिवाय राहू. सोडू नका. सीलिअ‍ॅक असेल तर पथ्य आयुष्यभराचं आणि काटेकोर असतं. ते अंदाजावर नाही करायचं, आणि नसेल तर उगाच मुलावर नाही लादायचं. आम्हाला एका गोष्टीचा उपयोग झाला: तिला सांगितलं की रिपोर्ट चुकीचा होता, मोठ्या माणसांनी छापला म्हणून बरोबर नसतो. तिने तो फाडायला मागितला. दिला.

ह्या रक्ततपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. त्याच नमुन्यात एकूण आयजीएही (हा प्रतिद्रव्यांचाच एक प्रकार) मोजायला सांगा, कारण काही मुलांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी बनतं आणि मग टीटीजी खोटंच नॉर्मल येतं. लॅबवाले हे आपणहून करतीलच असं नाही. सुई टोचण्याआधी तासभर सुन्न करणारं मलम लावून घ्या. ‘इतकुसं तर टोचायचंय’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

शौचाच्या तपासण्यांना लोक लाजतात, पण पैसे वसूल त्याच करतात. फीकल कॅलप्रोटेक्टिन आतड्यातली सूज दाखवतं. चार वर्षांवरच्या मुलांत साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली आलं तर आतड्याला सूज आणणाऱ्या आजारांची शक्यता बरीच कमी होते. नमुन्याआधी आयब्युप्रोफेन देऊ नका, त्याने आकडा वाढू शकतो. किंचित वाढलेला आला तर घाबरू नका, साध्या जुलाबानंतरही वाढतो. जिआर्डिया ह्या आतड्यातल्या परजीवीसाठी एकच नमुना पुरत नाही, तो जंतू रोज बाहेर पडत नाही. कमोडच्या सीटखाली प्लॅस्टिकचा कागद सैल ताणून लावा, पाण्यात पडलेलं चालत नाही. डबीच्या झाकणालाच चमचा असतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर स्वयंपाकघरातला एक चमचा वाचला असता.

एच. पायलोरी ह्या जठरातल्या जंतूची रक्ततपासणी कुणी सुचवली तर नको म्हणा. मुलांमध्ये ती भरवशाची नाही.

बद्धकोष्ठ आधी तपासून घ्या. रोज शौचाला जाणाऱ्या मुलालाही असू शकतं, आणि बऱ्याच जणांचा प्रवास तिथेच संपतो. ब्रिस्टल तक्त्यातली शौचाच्या प्रकारांची ७ चित्रं मुलाला दाखवून विचारा. मुलं हसत हसत खरं सांगतात.

आमचं सगळं नॉर्मल आलं. मग डॉक्टरांनी विचारलं ते आधी कुणीच विचारलं नव्हतं: घरात कुणाला अर्धशिशी आहे का? नवऱ्याला आहे. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, ह्यालाही शाळेत असताना असंच व्हायचं. पांढरा पडायचा, अंधारात झोपायचा, उठला की खेळायला पळायचा.” त्यांनाही कधी कुणी विचारलं नव्हतं.

पोटाचं मायग्रेन, म्हणजे डोक्याऐवजी पोटात उठणारी अर्धशिशी. रोम-४ ह्या पोटविकारांच्या निदानाच्या निकषांप्रमाणे (२०१६) सहा महिन्यांत निदान दोन झटके, तासभर किंवा जास्त टिकणारं मधोमध किंवा पसरलेलं दुखणं, सोबत फिकटपणा, मळमळ, भूक जाणं अशांपैकी निदान दोन गोष्टी, मध्ये आठवडे ते महिने पूर्ण बरं. निदान झालं ते तपासण्यांमुळे कमी आणि माझ्या वहीमुळे जास्त. तारीख, वेळ, किती तास, चेहरा, उलटी, आदल्या रात्रीची झोप, जेवण चुकलं का, इतकं लिहा. काय खाल्लं ह्याचा निबंध नको. एवढ्यावरून दिसलं की गहू बंद असतानाही झटका आलाय आणि चालू असतानाही, आणि बहुतेक वेळा आदल्या रात्री जागरण.

एका ठिकाणी एंडोस्कोपीही सुचवली होती. आम्ही दुसरं मत घेतलं आणि ती टळली, पण ती टळली कारण धोक्याचं एकही लक्षण नव्हतं. वजन घटतंय, उंची थांबलीये, शौचात रक्त, दुखण्याने रात्री झोपेतून जाग, टिकून राहिलेला ताप, गिळताना त्रास, तोंडात वारंवार व्रण, सांधेदुखी, एकाच बाजूला ठामपणे दुखणं, घरात आतड्याच्या सुजेचा आजार, ह्यातलं काहीही असेल तर माझी गोष्ट तुमच्या कामाची नाही, तुमचा रस्ता वेगळा आणि घाईचा आहे. हिरवी उलटी झाली तर अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट इमर्जन्सी विभागात न्या.

सध्या झटक्याची चाहूल लागली की डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वेदनाशामक लगेच देतो, खोलीत अंधार करतो, कुणी डोक्याशी बसून प्रश्न विचारत नाही. झटके फार जवळ जवळ यायला लागले तर रोजचं प्रतिबंधक औषध आहे, त्याची अजून गरज पडलेली नाही. शाळेत एक चिठ्ठी दिलीये: पांढरी पडली तर नाटक समजू नये, आडवी पडू द्यावी, आम्हाला फोन करावा.