बॉनेटची गादी बदलून फरक पडला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो: नाही, फारसा पडला नाही.

पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभा असलो की दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून विचारतात. ऑफिसात डबा उघडता उघडता विचारतात. मेव्हणा तर ‘ये, बस’च्या आधी विचारतो. पंधरा वर्षांच्या डिझेलला बॉनेटखालची गादी नवीन घातलीस म्हणे, फरक पडला का काही? हा ‘का काही’ ज्या सुरात येतो, तो सूर पुण्याबाहेर मिळत नाही. गाडी विकत का नाहीस, हा याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. त्याला मी उत्तर देत नाही. आरटीओत पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली आहे, ती तरी वसूल होऊ दे.

इंजिन 1248 सीसीचं, तेच ते, जे एके काळी चार-पाच कंपन्यांच्या गाड्यांत होतं आणि ज्याला लोक कौतुकाने ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ म्हणायचे. डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपणहून पेटतं, आणि ते पेटताना दाब एकदम चढतो, त्याचीच ती टकटक. या इंजिनात डिझेल एकदम न सोडता थोडं थोडं सोडतात, म्हणून टकटक सौम्य. सौम्य म्हणजे जुन्या डिझेल जीपच्या मानाने सौम्य. उरलेला आवाज वर जातो, तो गादीने प्यायचा. धाग्यांच्या फटीतून हवा हलते, घासते, आवाजाची थोडी ऊब होते. एवढंच तिचं काम. शिवाय बॉनेटचा रंग भाजू नये म्हणून.

माझी मूळ गादी उंदरांनी संपवली. सोसायटीच्या मागे नाला आहे, जास्त सांगत नाही. बॅटरीच्या ट्रेखाली घरटं सापडलं: गादीचा काळा कापूस, एक आंब्याची कोय, चपातीचा वाळका तुकडा आणि दिवाळीतल्या पणतीची वात. वात कशाला नेली असेल, हे मला आजही कळलेलं नाही. बॉनेटला उरलेली गादी झिरमिळ्यांसारखी लोंबत होती. गॅरेजवाला म्हणाला, ‘साहेब, काढूनच टाका. इंजिनाला हवा लागेल.’ इंजिन गार ठेवायला रेडिएटर आणि पंखा असतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मान डोलावली, कारण काढणं फुकट होतं.

आता इथे माझं 2023 सालच्या माझ्याशी भांडण आहे. तो म्हणायचा, अरे, कितीतरी पेट्रोल गाड्यांना मुळात गादीच नसते, कोणाचं काय अडलंय? बरोबर आहे, कोणाचं अडलेलं नाही. मग तिथेच थांबायचं होतं ना! पण त्याला गादी नको होती आणि गादीचं समाधान मात्र हवं होतं. म्हणून त्याने हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी कागद चिकटवलेला फोम आणला, पत्र्याच्या शेडला खालून लावतात तो. साडेतीनशे रुपये. सुतार सनमायकाला लावतात तो पिवळा गोंद फासला, वीस मिनिटं थांबला, दाबून बसवला आणि फोटो काढून मेव्हण्याला पाठवला. मेव्हण्याने अंगठा पाठवला.

तो फोम पॉलिथिनचा. त्याची भोकं बंद असतात, त्यामुळे तो आवाज पीत नाही. पॉलिथिन साधारण 110 अंशांच्या आसपास वितळतं, आणि गोंद त्याच्याही आधी मऊ पडतो. हे सगळं मी नंतर शिकलो. आधी शिकता आलं असतं. वेळ होता.

2024 चा मे. मावशीच्या नातवाची मुंज, वाईला. मुहूर्त सकाळी दहा बेचाळीसचा. आई पुढे बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. त्यात साटोऱ्या. मातृभोजनाला ताईच्याच हातच्या हव्यात, असं मावशीचं फर्मान होतं, म्हणून आदल्या रात्री अकरापर्यंत लाटत बसली होती. शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, आणि खंबाटकीच्या पायथ्यापासून ट्रकांची रांग. बोगदा तेव्हा फक्त पुण्याकडे येणाऱ्यांना. साताऱ्याकडे जाणाऱ्याने घाट चढायचा. पहिला गिअर, एसी चालू, पाच फूट पुढे, थांब, पुन्हा पाच फूट.

आई म्हणाली, ‘अरे, काहीतरी करपतंय.’

मी म्हणालो, ‘पुढच्या ट्रकचा क्लच असेल.’ घाटात तो वास येतोच, त्यामुळे मी खोटं बोललो असं नाही म्हणता येणार.

पुढच्या वळणाला म्हणाली, ‘प्लास्टिकचा वास आहे रे हा.’

‘कोणीतरी कचरा जाळत असेल.’

तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. पदर नाकाला लावला आणि डब्याचं झाकण अंगठ्यांनी दाबून घट्ट केलं. तेवढ्यात बॉनेटच्या उजव्या फटीतून धूर आला. पांढरा नाही, पिवळट.

गाडी कडेला घेतली, बंद केली, आईला उतरवलं. हे बरोबर केलं. मग धावत जाऊन बॉनेटला हात घातला, आणि मागच्या ट्रकमधून कोणीतरी ओरडलं, ‘ओ काका! उघडू नका! फटीतून बघा आधी!’ एकदम उघडलं असतं तर हवा लागून भडका उडाला असता, हे मला त्या पोराने शिकवलं. पंचविशीचा असेल. ‘काका’ही त्यानेच पहिल्यांदा म्हटलं, पण ते सोडा. मी बाटली उघडली तर म्हणाला, ‘पाणी नको, टर्बो तडकंल,’ आणि गाडीतून ओलं गोणपाट घेऊन आला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा; चढावर ओढताना डिझेलच्या टर्बोतून पाचशे-सहाशे अंशांचा धूर जातो. माझा चंदेरी फोम गोंद सोडून नेमका त्याच्या अंगावर पडला होता आणि घावन तव्याला चिकटावं तसा चिकटला होता. कडेने एक छोटी निळी ज्योत होती, देवघरातल्या निरांजनाएवढी. गोणपाट टाकलं, विझली. एका वायरीचं वेष्टण वितळलं होतं, तिला त्यानेच टेप गुंडाळली. पैसे घेतले नाहीत. साटोरी घेतली.

गाडी गार होईपर्यंत, टर्बोवर चिकटलेलं ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढेपर्यंत पावणेदोन तास गेले. तेवढा वेळ आई घाटाच्या कठड्यावर, रणरणत्या उन्हात, पैठणीत, डबा मांडीवर घेऊन बसली होती. दहा बेचाळीस झाले तेव्हा तिने घड्याळ बघितलं आणि हात जोडले. मला काही म्हणाली नाही. वाईला पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती. मातृभोजनाच्या साटोऱ्या पंगतीत वाढल्या. विचारणाऱ्या प्रत्येकाला आई सांगत होती, ‘गाडी तापली जरा. उन्हाचं होतं असं.’ परतताना म्हणाली, मी राहते चार दिवस, आणि नंतर एसटीने स्वारगेटला उतरली.

तेव्हापासून ती वाईला एसटीनेच जाते. ‘तुला कशाला त्रास,’ म्हणते. अर्ध्या तिकिटाचं कारणही देते. तिच्या म्हणण्यावर मी वाद घालत नाही.

तर गादी. त्यानंतर वर्षभर बॉनेट बिनगादीचंच होतं आणि गाडीला काहीही झालं नाही, हेही लिहून ठेवा. पण आतल्या पत्र्यावर बशीएवढा तपकिरी डाग होता आणि बाहेरून त्याच जागी रंगाला फोड. ऑइल बघायला बॉनेट उचललं की डाग समोर. पासिंगच्या आधी मी नाना पेठ, म्हणजे पुण्यातला गाड्यांच्या पार्टांचा बाजार, पालथी घातली. शोरूममध्ये ‘पार्ट बंद’ म्हणाले होते. नाना पेठेत तिसऱ्या दुकानात विचारलं तर गड्याने नजर न उचलता विचारलं, ‘कितीचं मॉडेल?’ दोन दिवसांनी साच्यात दाबलेली, काळ्या कापडाची, कडा शिवल्यासारखी घट्ट गादी हातात. अठराशे पन्नास. क्लिपा पंधरा रुपयाला एक, अकरा लागतात.

बसवायला रविवारची सकाळ गेली. जुन्या क्लिपा स्वयंपाकघरातल्या उलथन्याला फडकं गुंडाळून उचकटल्या (ते उलथनं आता गाडीचंच आहे). वाळलेला पिवळा गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसत बसलो. जुन्या गादीची काच-धाग्याची भुकटी कोपऱ्यांत उरली होती, पूर्ण बाह्यांचा शर्ट असूनही मनगटं दोन दिवस खाजत होती. उंदरांसाठी तंबाखूची पानं ठेवली आहेत. कामाची आहेत की नाहीत ते उंदरांना विचारा.

आवाजही मोजला, फोनवरच्या ॲपने, त्यामुळे त्यावर कोर्टात जाऊ नका. बाहेर, बॉनेटपासून एक मीटरवर, 71 डेसिबलचे 68 झाले. आत 52 चे 52. आत येणारा आवाज इंजिन आणि माणसं यांच्यातल्या पत्र्यातून आणि इंजिनाच्या माउंटिंगमधून येतो, बॉनेटच्या गादीचा त्याच्याशी संबंध कमी. म्हणजे फायदा झाला तो वरच्या मजल्यावरच्या काकांचा. विचारतातही तेच.

डाग झाकला गेला, हे कबूल करतो. त्यासाठीच घातली का? मेव्हण्यापुढे नाही म्हणेन.

गेल्या आठवड्यात आई खाली आली होती. मी बॉनेट उघडलेलंच होतं. तिने गादी बोटाने दाबून बघितली, पुरणपोळी दाबून बघावी तशी. ‘गोंद नाही ना लावलास?’

‘नाही. क्लिपा आहेत. अकरा.’

तिने मोजल्या. दहा भरल्या. अकरावी डाव्या कोपऱ्यातली, बसवतानाच तुटली होती आणि मी पुन्हा नाना पेठेत गेलो नव्हतो. ती काही म्हणाली नाही. शनिवारी तिला वाईला जायचंय. सकाळी स्वारगेटला सोडायला मीच नेणार आहे, याच गाडीने.