कोणी ठरवलं?

वयाच्या 47व्या वर्षी मी एका मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, डायरेक्टर ऑफ इंजिनिअरिंग म्हणून रुजू झाले. त्याआधीची 23 वर्षं सर्व्हिस कंपन्यांत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या कंपन्यांत गेली, त्यातली शेवटची 14 ऐरोलीत. शोध सुरू केल्यापासून ऑफर हातात पडेपर्यंत 11 महिने लागले आणि तीन नकार आले. ठाण्या-नवी मुंबईतले माझ्यासारखेच चाळिशी ओलांडलेले बरेच जण या वळणावर उभे आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

पहिल्या मुलाखतीला मी भरपूर आत्मविश्वासाने गेले होते. 240 माणसं, चार क्लायंट, वर्षाचं बिलिंग इतके कोटी, असं सगळं पाठ होतं. सर्व्हिस कंपनीत माणूस याच मापाने मोजला जातो. माणसं जास्त म्हणजे धंदा मोठा. प्रॉडक्ट कंपनीत माणसं हा खर्च असतो. समोरच्या बाईंनी 240 हा आकडा ऐकून घेतला आणि विचारलं, "हेच काम 60 जणांत करायचं असतं, तर तुम्ही काय सोडलं असतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाने मी पुढचे कित्येक दिवस अस्वस्थ होते, कारण असा विचार मी खरंच कधी केला नव्हता.

सिस्टिम डिझाइनच्या फेरीतही, म्हणजे मोठी संगणक प्रणाली कशी उभारायची हे आकृती काढून सांगायचं असतं तिथेही, पडले. आठ वर्षांत मी स्वतः एकही आकृती काढली नव्हती, फक्त मंजूर केल्या होत्या. त्याला उपाय एकच, पुन्हा बसून शिकणं. सकाळी साडेपाच ते सात, चार महिने. आधी कागदावर, मग फळ्यावर. डायरेक्टरला कोड लिहायला लावतीलच असं नाही, पण रांगेतला एकच संदेश दोनदा आला तर काय होईल, डेटाबेसची एक प्रत मागे पडली तर ग्राहकाला काय दिसेल, हे न अडखळता सांगता यावं लागतं.

नोकरीच्या पोर्टलवर मी 30 तरी अर्ज टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही. ज्या चार ठिकाणी मुलाखती झाल्या, त्या चारही जुन्या सहकाऱ्यांनी नाव पुढे केल्यामुळे. त्यातलाच एक, 2010 मध्ये माझ्या हाताखाली फ्रेशर म्हणून लागलेला मुलगा, आज एका नामांकित कंपनीत स्वतः मुलाखती घेतो. तो दर रविवारी तासभर व्हिडिओ कॉलवर माझी परीक्षा घेऊ लागला.

पहिल्याच रविवारी मी एका मायग्रेशनची, म्हणजे जुन्या प्रणालीवरचं काम नव्या प्रणालीवर नेण्याची, गोष्ट सांगत होते. "मग गो-लाइव्ह (नवी प्रणाली चालू करणं) पुढे ढकलायचं ठरलं," असं म्हणाले, तर त्याने थांबवलं.

"मॅडम, राग मानू नका. कोणी ठरवलं?"

"टीमने."

"टीममध्ये कोणी?"

मी गप्प झाले. ठरवलं मीच होतं. पण 'ठरलं', 'करण्यात आलं', 'निर्णय झाला' ही भाषा अंगात मुरली होती. घरी 'मी, मी करू नये' असं शिकलो आणि ऑफिसात यशाला टीमचं नाव द्यायला शिकलो. दोन्ही शिकवणी चांगल्याच आहेत, मी त्या सोडणारही नाही. पण समोरच्याला तुमच्या निर्णयाची पारख करायची असते आणि तो निर्णयच तुम्ही लपवता, तेव्हा तो पारखणार काय?

त्याने सुचवलं की गोष्ट आधी मराठीत सांगा. मग मी संध्याकाळी ठाण्यातल्या तलावपाळीला फेऱ्या मारताना फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करू लागले. इंग्रजीत बोलताना स्लाइडवरची वाक्यं तोंडात येत. मराठीत सांगताना ती रात्र, ती माणसं, माझी भीती, सगळं जसं घडलं तसं आठवू लागलं. अशा 14 घटना वहीत लिहिल्या. प्रत्येकीखाली चार ओळी: माझ्यापुढे कोणते पर्याय होते, मी काय निवडलं, विरोध कोणाचा होता, आणि आज काय वेगळं केलं असतं.

त्यातली एक घटना मी कधी सीव्हीत घातली नव्हती. 2017, एका युरोपीय विमा कंपनीच्या 11 लाख पॉलिसी नव्या प्रणालीवर न्यायच्या होत्या. शनिवारी मध्यरात्री ताळा घेतला तर 4,300 पॉलिसींचा हप्ता जुळेना. क्लायंटचा मॅनेजर म्हणत होता, चालू करा, सोमवारी दुरुस्त करू. पहाटे 2:40ला मी काम थांबवून सगळं मागे फिरवायला सांगितलं. आम्हाला दंड बसला, त्या वर्षी माझं रेटिंगही खाली आलं. ऑफिसात ती हारच मानली गेली आणि मीही तशीच मानली.

शेवटच्या, म्हणजे चौथ्या कंपनीत एका मुलाखतकाराने या एकाच घटनेवर 40 मिनिटं घेतली. तो भरती करणाऱ्या टीमचा नव्हता. ॲमेझॉनमध्ये अशा माणसाला 'बार रेझर' म्हणतात. भरती करणाऱ्या मॅनेजरलाही त्याचा नकार डावलता येत नाही. इतर काही कंपन्यांतही बाहेरच्या टीमचा माणूस असा बसवतात. तो एकेक पदर उलगडत गेला आणि मग विचारलं, "त्याआधीच्या बुधवारी तुम्हाला काय माहीत होतं?"

बुधवारच्या रंगीत तालमीत 38 पॉलिसी जुळल्या नव्हत्या. टीम लीडने मला सांगितलं होतं. राउंडिंगचा, म्हणजे पैसे पूर्णांकात करताना पडणारा किरकोळ फरक असेल म्हणून मी ते सोडून दिलं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, त्याला सांगितलं. नंतर मी काय बदललं, त्याने विचारलं. तालमीतला एकही फरक लेखी कारणाशिवाय बंद करायचा नाही, हा नियम मी लावला. त्याने वेळ जातो म्हणून दोन मॅनेजर नाराज झाले, तेही सांगितलं. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच संपतं. इथे नऊ-दहा प्रश्न झाले तरी माझ्याकडे सांगण्यासारखं उरलं होतं, कारण ते सगळं मी भोगलेलं होतं.

ॲमेझॉनची 16 नेतृत्वतत्त्वं (शेवटची दोन 2021 मध्ये आली) जाहीर आहेत. तिथे अर्ज करा वा नका करू, ती वाचा आणि प्रत्येकासमोर स्वतःची एक घटना लिहा.

पदनामाबद्दल एक सांगते. सर्व्हिस कंपनीतली व्हाइस प्रेसिडेंट ही पदवी प्रॉडक्ट कंपनीत एक-दोन पायऱ्या खाली धरली जाते. मला आधी सिनियर मॅनेजरची पातळी देऊ केली होती. मी ती नाकारून आणखी एक मुलाखत मागितली. लेव्हल आत गेल्यावर बदलायला वर्षं लागतात, म्हणून जे भांडायचं ते आधीच.

पैशांचा हिशेबही ऑफरवरच्या एकूण आकड्यावरून करू नका. त्यात पगारासोबत कंपनीचे शेअरही धरलेले असतात. ते साधारण चार वर्षांत मिळतात आणि वाटणी सारखीच असते असं नाही. ॲमेझॉनची चार वर्षांत अनुक्रमे 5-15-40-40 टक्के शेअर देण्याची पद्धत प्रसिद्धच आहे. शेअर ज्या दिवशी नावावर होतात, त्या दिवशीचा भाव पगार म्हणून करपात्र ठरतो आणि करापोटी काही शेअर लगेच विकले जातात. नौपाड्यातल्या आमच्या सीएंनी बजावलं की परदेशी शेअर विकले नाहीत तरी आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफएत (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवायचे, तेही जानेवारी-डिसेंबर या हिशेबाने.

नोटीस 90 दिवसांची होती. नव्या कंपनीला मी 30 दिवसांत हवी होते. जुन्या टीमचं एक मोठं रिलीज तोंडावर होतं, म्हणून मी 75 दिवसांनी येईन असं कळवलं. दोन दिवस उत्तर आलं नाही, ते दोन दिवस मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी नवी तारीख घातलेलं पत्र आलं. रिलीज झालं, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी मी ऐरोलीत कार्ड जमा केलं.