चेंबरमध्ये माणूस उतरू देणार नाही म्हटलं

तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरात नऊ माणसं होती. जळगावहून नणंद, नंदावे, त्यांची पोरं, भाचे, सगळ्यांना रात्री त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचं होतं, आणि सकाळी एकामागून एक आंघोळी चालू असताना खालच्या बाथरूमच्या जाळीतून बुडबुड आवाज यायला लागला. मग वर वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं आणि खाली जाळीतून काळं पाणी वर. साबणाचा फेस, केस, आणि तो वास. आई (माझ्या सासूबाई) सोवळ्यातला स्वयंपाक सोडून मोरीच्या उंबऱ्यावर पोती टाकत बसल्या.

आमचं रो हाऊस नाशिकला इंदिरानगरमध्ये, १९९४ चं बांधकाम. तेव्हाच्या पद्धतीने ड्रेनेजला जमिनीखाली स्टोनवेअरचे पाईप, दोन दोन फुटांचे तुकडे सिमेंटने जोडलेले. म्हणजे जोडच जोड. हे मला त्या दिवशी कळलं, तोपर्यंत आपल्या अंगणाखाली काय आहे याचा विचारच कधी केला नव्हता.

आईंनी ॲसिडची बाटली आणली होती, ती मी परत ठेवायला लावली. एक बेसिन तुंबलं तर गोष्ट वेगळी, पण वरचं पाणी खालून वर येतंय म्हणजे मेन लाईनच बंद आहे, तिथे ॲसिड ओतून ते फक्त साचून राहतं आणि नंतर काम करायला येणाऱ्याच्या हातावर तोंडावर उडतं. त्यात कुणी आधी ब्लीचिंग टाकलेलं असेल तर क्लोरीन गॅस तयार होतो. तुम्ही आधीच काही ओतलं असेल तर येणाऱ्याला पहिलं वाक्य तेच सांगा, प्लीज.

शेजारच्या काकूंनी एकाचा नंबर दिला, तो अकराला आला. सोबत बांबूच्या पट्ट्या आणि एक मुलगा, असेल एकोणीस वीसचा. पहारीने अंगणातल्या ड्रेनेज चेंबरचा ढापा उचलला, चेंबर काठोकाठ भरलेलं. पट्टी घालून पाहिली, काही झालं नाही. मग तो म्हणाला, "ताई, पोरगा उतरेल, बालदीने उपसून हाताने मोकळं करतो, बाराशे द्या." आणि तो मुलगा काही न बोलता पँट गुडघ्यावर दुमडायला लागला होता. चप्पल त्याने पेव्हर ब्लॉकवर शेजारी शेजारी नीट काढून ठेवली होती.

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, रोजचंच आहे ताई आमचं. असेल रोजचं, पण चेंबर पाच फूट खोल आहे आणि साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाईड हा विषारी गॅस धरलेला असतो, गाळ हलवला की एकदम सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गॅस गेला. तेव्हाच तो कोसळतो. आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तो पण. पेपरमध्ये दोघे तिघे एकत्र गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं कुणाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे फक्त महापालिकेला किंवा ठेकेदाराला नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही लागू आहे. गटारात जीव गेला तर भरपाई सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. पण मला त्या क्षणी कायदा वगैरे काही आठवला नव्हता, त्या चपला दिसत होत्या. दोघांना चहा दिला, येण्याचे तीनशे दिले, आणि ढापा लावून घेतला.

नंदावे थोडे वैतागले, रात्री निघायचंय, नऊ माणसं, संडासला जायचं कुठे. बरोबर होतं त्यांचं. काकूंनी त्यांचं बाथरूम दिलं दिवसभर.

मग मशीनवाले शोधले. तिघांना फोन केले, त्यातल्या एकानेच उलट प्रश्न विचारले: पाणी कोणत्या मजल्यावर वर येतंय, चेंबर किती, भरलेलं कोणतं आणि रिकामं कोणतं. त्यालाच बोलावलं. हा प्रश्न लक्षात ठेवण्यासारखा आहे बघा, आमचं घराजवळचं चेंबर भरलेलं आणि गेटजवळचं कोरडं, म्हणजे अडकलंय ते या दोघांच्या मधल्या पट्ट्यात. गेटजवळचं पण भरलेलं असतं तर अडचण बाहेरच्या लाईनला, मग महापालिकेत तक्रार करायची, स्वतःचं अंगण खोदायचं नाही.

चारला पिकअप आली. आधी स्प्रिंग मशीन, फिरती लोखंडी स्प्रिंग कोरड्या चेंबरकडून आत घातली, वीसेक फुटांवर अडली आणि बाहेर आली ती टोकाला नारळाच्या काथ्यासारखा गुंता घेऊन. वीतभर लांब, बारीक बारीक तपकिरी मुळं, त्यात ओले वाइप्सचे तुकडे आणि तुपकट पांढरा थर. मुळं अशोकाची. कंपाउंडला अण्णांनी (माझ्या सासऱ्यांनी) लावलेलं झाड, ते ओलीच्या मागे जोडाच्या फटीतून आत शिरलं होतं. नंतर जेटिंग, प्रेशरच्या पाण्याने आतला थर धुऊन काढला, आणि शेवटी कॅमेरा. मी मोबाईलएवढ्या स्क्रीनवर पाहिलं, दोन जोडांना भेगा आणि एका ठिकाणी पाईप खाली बसलेला.

त्याने मग आईंकडे नीळ मागितली. वरच्या बाथरूममध्ये निळीची बादली ओतली आणि आम्ही सगळे गेटजवळच्या चेंबरपाशी वाकून उभे, निळं पाणी झरझर आलं. मग गच्चीवर बादली ओतली तर तेही तिथेच आलं! म्हणजे गच्चीचं पावसाचं पाणी इतकी वर्षं ड्रेनेजमध्ये जात होतं. जोरात पाऊस झाला की आमची जाळी गुरगुरायची त्याचं एक कारण हे. आणि हे सगळं पाणी विनाकारण तपोवन, आगरटाकळीकडच्या मलजल शुद्धीकरण केंद्रांवर जातं, जिथून ते शुद्ध करून गोदावरीत सोडायचं असतं. तो पाईप आता बागेकडे वळवून घेतलाय.

बिल साडेसहा हजार झालं, कॅमेऱ्यासकट. पुढच्या आठवड्यात तेवढाच पट्टा खोदून चार इंची पीव्हीसी टाकला, दहा फुटाला तीन इंच उतार, मिस्त्रीसमोर लेव्हल ट्यूब धरून मोजायला लावला. अशोक तोडायचा विषय निघाला होता, अण्णा काहीच बोलले नाहीत, नुसते झाडाखाली जाऊन उभे राहिले. झाड ठेवलंय, पीव्हीसीला तिथे जोडच येऊ दिला नाही.

फेरीवाली मंडळी त्या रात्री दहाला निघाली आणि सोमवारी दुपारी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आली. सगळ्यांनी एकामागून एक आंघोळी केल्या. मी गेटजवळचा ढापा अर्धा सरकवून शेवटच्या बादलीपर्यंत तिथेच उभी होते, लाल मातीचं पाणी सरळ वाहत होतं.