माल्टातलं ‘फेथ’: बिनपंखांचं ग्लॅडिएटर

माल्टाची राजधानी व्हॅलेटाचा रिपब्लिक स्ट्रीट समुद्राकडे उतरत जातो आणि टोकाला सेंट एल्मो किल्ला लागतो. लोक इथे १५६५ च्या तुर्की वेढ्याच्या खुणा बघायला येतात. मला बघायचं होतं ते किल्ल्यातल्या युद्धसंग्रहालयातलं एक विमान. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर, क्रमांक एन ५५२०, नाव ‘फेथ’. पंख नाहीत, नुसतं धड. एकाच माणसाची बैठक. मशीनगनसाठी धडाच्या दोन्ही बाजूंना खोबणी. त्यातून सुटलेल्या गोळ्या फिरत्या पात्यांमधून नेमक्या निसटायच्या.

१९३० मध्ये ब्रिटिश हवाई मंत्रालयाला ताशी २५० मैल वेगाचं, चार मशीनगनचं लढाऊ विमान हवं होतं. वाफेवर थंड होणाऱ्या गोशॉक इंजिनावर भिस्त ठेवणारे आराखडे फसले. ग्लॉस्टर कंपनीच्या हेन्री फॉलंड या रचनाकाराने मात्र आपलंच आधीचं ‘गॉन्टलेट’ हे दुपंखी विमान सुधारायला घेतलं आणि तेही कंपनीच्या खर्चाने. दोन पंखांमधले दांडे दर बाजूला दोन जोड्यांचे होते, त्यातली एक जोडी काढली. चाकांच्या स्प्रिंगा चाकांच्या आतच बसवल्या. हवेचा अडथळा घटला. १२ सप्टेंबर १९३४ ला ग्लॅडिएटरचा नमुना उडाला. पुढे बंद कॉकपिट आणि ८४० अश्वशक्तीचं मर्क्युरी इंजिन आलं, वेग २५३ मैलांवर गेला.

विमान १९३७ मध्ये सेवेत आलं, तोवर हरिकेन आणि स्पिटफायर ही नवी एकपंखी लढाऊ विमानं उडून दाखवून झाली होती. तरी त्याला ‘जुनाट’ म्हणणं मला पटत नाही. दुपंखी बांधणीतून जेवढं काढता येईल तेवढं फॉलंडने काढलं होतं.

१० जून १९४० ला इटलीने युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटिशांच्या ताब्यातल्या माल्टावर बॉम्ब पडले. बेटावर लढाऊ विमानं म्हणून होती ती नौदलाने पेट्यांत ठेवलेली सी ग्लॅडिएटर, म्हणजे ग्लॅडिएटरचीच नौदलासाठीची आवृत्ती. इटालियन सॅव्होया बॉम्बर त्यांच्याहून वेगवान, म्हणून आमचे वैमानिक (हो, इथे उभं राहिल्यावर ‘आमचे’च वाटतात) आधी उंची गाठायचे आणि वरून झेपावायचे. तीनच विमानांनी बेट राखलं, ही दंतकथा. प्रत्यक्षात तीनांहून जास्त विमानं आळीपाळीने वापरली गेली आणि त्या तिघांची ‘फेथ, होप, चॅरिटी’ ही नावं नंतरची. जूनअखेर हरिकेन येऊ लागली. मला दंतकथेहून मोठे वाटतात ते तिथले मेकॅनिक. सुटे भाग नाहीत म्हणून त्यांनी ब्लेनहाइम बॉम्बरचं इंजिन ग्लॅडिएटरला चढवलं.

सप्टेंबर १९४३ मध्ये माल्टातल्या ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल कीथ पार्क यांनी हे धड माल्टाच्या जनतेला अर्पण केलं.