डबल बेल

मागच्या जानेवारीत, सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू असताना, एसटी डेपोत आमचा सत्कार झाला. माझा आणि ड्रायव्हर मामांचा. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. भाषणात एका साहेबांनी डॉक्टर कोटणीसांचं नाव काढलं. सोलापूरचा हा माणूस १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांच्या सेवेला गेला आणि १९४२ साली तिथंच वारला. आपले हे दोघं त्याच मातीतले, असं साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून बसलो होतो, लोकांना वाटलं लाजतोय.

एसटीत घंटीची भाषा आहे. एक मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. ड्रायव्हर मागं वळून बघत नाही, घंटीवर भरवसा ठेवतो. बावीस वर्षं मी ही घंटी मारतोय. त्या दिवशी मी किती मारल्या, हे गाडीतल्या प्रत्येक प्रवाशानं ऐकलं होतं. सत्काराला मात्र त्यातलं कुणीच नव्हतं.

बार्शीहून सोलापूरला येणारी दुपारनंतरची साधी गाडी. सत्तरेक किलोमीटर, मध्ये वैराग, वडाळा, नान्नज. या गाडीला एक वेगळं ओझं असतं, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचं. शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन परतणारे पेशंट, त्यांच्या मांडीवर फाइल आणि एक्स-रेची मोठी पाकिटं. ही माणसं भांडत नाहीत, सुट्ट्यासाठी हुज्जत घालत नाहीत. बाकीच्यांचं विचारू नका.

लोकांना वाटतं कंडक्टरचं काम म्हणजे तिकीट देणं. तिकीट मशीन देतं. आमचं काम डोकी मोजणं. मशीनमधली तिकिटं आणि सीटवरची डोकी जुळली पाहिजेत. मध्येच लाइन चेकिंगवाले चढले आणि एक डोकं जास्त निघालं, तर आधी संशय माझ्यावर. त्यात मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या वर फुकट, पेशंटची सवलत वेगळी. एकाच सीटवर तीन जण आणि तिघांचे तीन हिशोब. हे सगळं हलत्या गाडीत, एका खांद्यानं दांडीला टेकून. नवीन पोरं तिकीट देताना मशीनकडं बघतात. मी माणसाकडं बघतो. कोण कुठं उतरणार, कोण झोपल्याचं सोंग घेणार, कोण कटकट करणार, हे मला चढतानाच कळतं, असा माझा समज होता.

वैरागला एक कटकट्या चढला. पन्नाशीचा, जाड चष्मा, हातात नायलॉनच्या पिशवीत मिक्सरचं भांडं. शंभराची नोट दिली. त्याचे पाच रुपये माझ्याकडं निघत होते आणि सुट्टे नव्हते. तिकिटाच्या मागं पाच लिहून दिलं, ही आमची जुनी पद्धत. तो म्हणाला, "उतरताना तुम्ही विसरता. विसरायचंच असतं तुम्हाला." चारचौघांत. मी मनात शिवी घातली आणि पुढं गेलो.

वडाळा सोडलं तेव्हा उजेड कमी झाला होता. त्या पट्ट्यात दोन्ही बाजूला माळ, माळढोक अभयारण्याचे फलक, घर एकही नाही. उसाचा सीझन. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस रस्त्याच्या निम्म्यापर्यंत बाहेर आलेला, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. रात्रीच्या गाडीचे सगळे ड्रायव्हर या ट्रॉल्यांना वचकून असतात. कारखान्यांचे हंगाम सुरू होतात तेव्हा रिफ्लेक्टर लावायचे फोटो पेपरात येतात. ते लावलेले ट्रॅक्टर कुठल्या रस्त्यानं जातात कुणास ठाऊक.

एक मोटारसायकल आडवी पडली होती. चाकाजवळ माणूस कुशीवर, एक पाय भलत्याच कोनात. ट्रॉली निघून गेलेली, रस्त्यावर उसाची चार कांडकी. आठ-दहा लोक, तीन मोटारसायकली, एक चारचाकी दिवे लुकलुकवत उभी, आणि दोन मोबाइल वर धरलेले.

मामांनी गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला वाचता येते. ते विचारत होते.

माझ्या मनात आलं, लोक आहेत की. एवढंच आलं. त्यामागं पोलीस, पंचनामा, साक्ष, गाडीतल्यांच्या रात्रीच्या रेल्वे, भरायची कॅश हे सगळं असणार, पण ते मी नंतर गोळा केलं. तेव्हा फक्त लोक आहेत, म्हणजे कुणीतरी बघतंय.

टण् टण्.

मामांनी गिअर टाकला. तेवढ्यात पुन्हा एक घंटी वाजली. एकच. मागं बघितलं तर तो चष्मेवाला उभा, हात दोरीवर.

आता लिहायला लाज वाटते, पण माझ्या तोंडून निघालं ते हे: "घंटीला हात लावायचा नाही!"

तो काही बोलला नाही. मिक्सरचं भांडं शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवलं, "बघा जरा" म्हणाला आणि उतरला.

मीही उतरलो. तिथं घोळक्यात त्यानं पहिला प्रश्न विचारला, १०८ ला फोन कुणी केला? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "झाला असेल की." कुणीच केला नव्हता. दहा माणसं, दहा मोबाइल. एक जण मात्र जखमीच्या तोंडाला बाटली लावत होता. आपल्याकडं मदत म्हणजे पाणी पाजणं.

मग तो चष्मेवाला एकेकाला कामाला लावायला लागला. "मदत करा" वगैरे नाही. "निळा शर्ट, व्हिडिओ बंद करा, १०८ लावा, स्पीकरवर ठेवा. तुम्ही, गाडीचा लाइट इकडं मारा. ओ बाटलीवाले, पाणी नको, तुमचा रुमाल द्या." प्रत्येकाला शर्टावरून, टोपीवरून हाक. आणि खरं सांगतो, ज्याला हाक गेली तो हलला. एकानंही नाही म्हटलं नाही. मघाशी पुतळे होते तीच माणसं.

फोनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं: मान वळवू नका, रक्त वाहतंय तिथं कापड दाबून धरा, तोंडात काही घालू नका. ॲम्ब्युलन्स निघते म्हणाल्या. मामा तोवर खाली आले होते. ते म्हणाले, "मास्तर, तिला यायचं आणि पुन्हा जायचं. आपलं तोंड सोलापूरकडंच आहे." त्यांनी तेच बाईंना विचारलं. पाठ-मान सरळ ठेवून सपाट वस्तूवर नेता येईल का, त्या म्हणाल्या.

इथं मात्र माझं काम होतं. गाडीतली सर्वांत मागची लांब सीट असते ना, तिची गादी उचलता येते. रेक्झीनखाली प्लायवूड असतं. प्रवाशांना हे माहीत नसतं, आम्हाला माहीत असतं, कारण हरवलेलं पैशाचं पाकीट नेहमी तिथंच सापडतं. गादी काढली. पुढच्या दारातून ती वळणार नव्हती. मग मागचा दरवाजा, ज्यावर संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग असं लिहिलेलं असतं, तो उघडला. बावीस वर्षांत मी तो पहिल्यांदाच वापरला, आणि तोही एका माणसाला आत घ्यायला. सहा जणांनी उचललं. मान चष्मेवाल्यानं दोन हातांत धरली होती, ती त्यानं सिव्हिलपर्यंत सोडली नाही.

गाडीत विरोध झाला नाही असं नाही. एकाची रेल्वे होती. एक पोरगा चिडून म्हणाला, "माझ्या आईला आज शेक दिलाय, बसवत नाही तिला, अजून किती वेळ?" त्याचं काय चुकलं? मला उत्तर देता आलं नाही. त्याची आई खिडकीला डोकं टेकून होती. तिनं पायावरची चादर काढली आणि न बोलता मागं दिली.

सोलापूरच्या वेशीवर, बाळे गावापासून ट्रॅफिक सुरू झालं. रेल्वेवाला भाऊ दारात लटकून, कपडा हलवत, समोरच्या रिक्षांवर ओरडत होता, "सरक की बे, पेशंट हाय, बघलालास काय!" मघाशी सगळ्यात मोठ्यानं कुरकुरणारा हाच. मी डेपोत फोन लावला. तिकडून उत्तर आलं, आधी माणूस पोचवा, खुलासा उद्या द्या. स्टँडात न शिरता, सत्तेचाळीस प्रवाशांसकट, लाल गाडी सरळ सिव्हिलच्या दारात गेली. स्ट्रेचर आलं. पाच मिनिटांत सगळं आमच्या हातातून गेलं.

चौकीतल्या पोलिसानं चष्मेवाल्याला नाव विचारलं. तो म्हणाला, "मी आणलाय फक्त. नाव सांगायची सक्ती नाही." पोलीस हसला, "बरोबर आहे," म्हणाला आणि वही मिटली. मला हे माहीत नव्हतं. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली निकाल दिला, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं: जखमीला भल्या मनानं मदत करणाऱ्यावर केस नाही, त्याला अडकवून ठेवायचं नाही. पहिल्या तासात जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला २०२१ पासून पाच हजारांचं बक्षीस होतं, आता पंचवीस हजार केलंय. चांगलंच आहे. पण नान्नजच्या माळावर त्या दहा जणांना कुणी पंचवीस हजारांचं सांगितलं असतं, तरी ते एकमेकांकडंच बघत राहिले असते असं मला वाटतं. भीती कलमाची नव्हती. पहिला हात कुणाचा, एवढंच अडलं होतं.

माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, "पप्पा, याच्यावर १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये प्रयोग झालाय." विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि कुणाला तरी फीट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यांतले ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तर ३१ टक्के. तिला वाटलं मला बरं वाटेल. पण मी कंडक्टर, मोजायची सवय. चौघांनी एवढा फरक पडतो, आणि माझ्या गाडीत सत्तेचाळीस, रस्त्यावर दहा. त्यात खाकी अंगावर असलेले दोघंच. त्या दोघांपैकी एकानं आरशातून विचारलं होतं.

सिव्हिलच्या आवारात गाडी वळवत होतो तेव्हा चष्मेवाला जवळ आला. बाह्या कोपरापर्यंत भरलेल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं वरच्या खिशातून तिकीट काढून उलटं धरलं. "मास्तर, पाच रुपये."

माझ्याकडं सुट्टे अजूनही नव्हते. दहाची नोट दिली, राहू द्या म्हटलं. "राहू द्या कशाला? मी मार्केट यार्डात मापाडी आहे, मला जास्त चालत नाही." त्यानं खिसे चाचपले, पाच निघाले नाहीत. "याच गाडीला असतो मी अधूनमधून. देतो." भांडं घेतलं आणि गेटाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी खुलासा लिहिला. "मौजे वडाळा ते नान्नज दरम्यान अपघातग्रस्त इसम आढळल्याने गाडी थांबविण्यात आली." आपल्या सरकारी मराठीची ही सोय आहे, कर्ता लिहावा लागत नाही. मी खोटं लिहिलं नाही. पण तो कागद वर गेला आणि खाली येताना त्यात माझं नाव आलं होतं. मी दुरुस्ती केली नाही. एकदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो होतो. बाहेर तीन जण बसले होते, परत आलो.

दोन दिवसांनी सिव्हिलमध्ये विचारलं, तर नातेवाइकांनी त्याला दुसरीकडं हलवलं होतं. जिवंत होता, एवढंच कळलं. मामांनी सत्काराच्या खुर्चीवर माझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, "मास्तर, किती मारल्या होत्या हो?" आणि समोर बघून टाळ्यांना हात जोडले होते. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दोनदा मार्केट यार्डात जाऊन आलो. कांद्याच्या लिलावाच्या वेळी तिथं चष्मा लावलेला मापाडी शोधणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. नाव माहीत नाही, काय विचारणार? दुसऱ्या वेळी पाच किलो कांदे घेऊन घरी आलो.

हल्ली वैरागला गाडी लागली की मी चढणाऱ्यांचे चेहरे आधी बघतो, हात नंतर. सुट्टे पाच जवळ ठेवतो, आणि माझे पाच अजून यायचे आहेत.